खालची कवळी पुण्यतिथीला

पितांबर चौधरीला दात हवे होते ते भांडण्यासाठी. हे त्याची बायको बेबाबाई साऱ्या पारोळ्यात सांगत फिरायची आणि त्यात तिळभरही खोटं नव्हतं. खाण्याचं त्याचं कसंबसं भागत होतं. भाकर ती डाळीच्या पाण्यात कुस्करून द्यायची, शेंगदाणे कुटून द्यायची, आणि वांग्याचं भरीत तर हिरड्यांनीही खाता येतं. शिवी मात्र हिरड्यांनी देता येत नाही. ती ओठांपर्यंत येते आणि तिथे तिची पेज होते.

पितांबरचा सगळा जन्म शिव्यांवर गेलेला. नगरपालिकेच्या जकात नाक्यावर एकोणतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची काही नाकेदार म्हणून. धुळ्याच्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली, रस्त्यात आडवा बांबू आणि बांबूच्या टोकाशी पितांबर. गावात येणाऱ्या मालाची जकात भरल्याशिवाय तो बांबू वर जायचा नाही. तो कुणाची लाच घेत नसे. चहासुद्धा घरून किटलीत न्यायचा. पण त्यामुळे त्याची अशी समजूत झालेली की आपल्याला कुणालाही, काहीही बोलण्याचा परवाना मिळाला आहे. लहानथोर बघायचा नाही, बाईमाणूस बघायचा नाही. ट्रकवाले सोनगीरच्या ढाब्यावर जेवताना एकमेकांना विचारायचे, आज पारोळ्याला तो आहे की सुट्टीवर आहे? आणि आहे म्हटलं की जेवणाची चव जायची.

गावातला एकूण एक व्यापारी त्याच्यावर खार खाऊन होता. त्यातही बाजारपेठेतला कापडवाला सुगनचंद सेठ जास्त, आणि त्याला कारण होतं.

बहात्तर सालची गोष्ट. सुगनचंद सेठची आई जतनबाई धुळ्याहून भाचीचं लग्न आटोपून भाड्याच्या टेम्पोतून परतत होती. नाक्यावर टेम्पो थांबला. ट्रंकेत नव्या साड्या होत्या, त्यांची जकात तिने मुकाट्याने भरली. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण मांडीवरचं गाठोडं सोडायला ती का-कू करू लागली, आणि कुणी का-कू केली की पितांबरचं डोकं फिरायचं. त्याने गाठोडं ओढून घेतलं आणि रस्त्यावरच सोडलं. म्हातारीची लुगडी, पोलकी, जपमाळ सगळं धुळीत पसरलं. त्यातून एक पितळी खलबत्ता निघाला, मुठीएवढा, सुपारी कुटायचा. लग्नाला न्यायचा म्हणून चिंचेने घासून लख्ख केलेला.

"नवं भांडं शे. जकात लागी," पितांबर म्हणाला.

"नवं नही रे बापा." म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणून तिला हे दोनदा सांगावं लागलं. "माले दात नहीत. सुपारी कुटाले संगे ठेवस."

"दात नहीत म्हनीसन जकात माफ व्हस का?"

मागच्या गाड्यांवरची माणसं खो खो हसली. जतनबाईने कनवटीचे पैसे काढून दिले, पावती घेतली आणि वाकून एकेक कपडा झटकत गोळा करू लागली. खलबत्ता तिच्या हातात उलटा झाला तेव्हा पितांबरला त्याचा तळ दिसला. झिजून पातळ झालेला, आत सुपारीचा काळपट लाल डाग बसलेला. वीस वर्षं तरी जुना असेल. आपण चुकलो हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण पावती फाडून झाली होती, दहा माणसं बघत होती, आणि फाडलेली पावती परत घ्यायची म्हणजे पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं. त्याने बांबू वर केला.

दुसऱ्या दिवशी सुगनचंद सेठ सायकलवरून नाक्यावर आला. पितांबर भांडणाच्या तयारीत उठून उभा राहिला. पण सेठ ओरडला नाही. "नाना, आईची पावती मी जपून ठेवली आहे," एवढंच म्हणाला आणि सायकल वळवून गेला. त्यानंतर सोळा वर्षं दोघांत एक शब्द झाला नाही.

पितांबर ब्याऐंशी साली निवृत्त झाला आणि पाठोपाठ दातही निघाले. तंबाखू आणि चुना दोन्ही गालांत ठेवायची सवय, दुसरं काय होणार! सरकारी दवाखान्यात दात फुकट काढून मिळायचे, तेव्हा त्याने हलणारे आणि न हलणारे सगळे काढून घेतले. बसवून मात्र तिथे मिळत नसत. त्यासाठी तो धुळ्याला एका खाजगी दातांच्या डॉक्टरकडे गेला. पेन्शन महिन्याला तीनशे दहा. डॉक्टरने दोन्ही कवळ्यांचे चौदाशे सांगितले. एकुलता एक मुलगा सुरतला यंत्रमागावर कामाला होता, त्याचंच त्याला पुरत नव्हतं. पितांबरने त्या डॉक्टरला, त्याच्या फिरत्या खुर्चीला आणि त्याच्या भिंतीवरच्या हसऱ्या बाईच्या चित्राला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. डॉक्टर सज्जन होता. खुर्ची जवळ ओढून त्याने तीनदा विचारलं, "काय म्हणालात बाबा? जरा सावकाश सांगा." आपला संताप असा सावकाश समजावून सांगायची वेळ यावी, यासारखा अपमान पितांबरच्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

त्यानंतर सहा वर्षं तो असाच धुमसत राहिला. रेशनवाला मापात मारायचा, याने तोंड सोडलं की रांगेतली माणसं हसायची. शेजारच्या पंडित शिंप्याच्या मोरीचं पाणी याच्या दारापुढून वाहायचं. एकदा सकाळी अर्धा तास पितांबर त्याच्या दारात उभा राहून थुंकी उडवत बोलला, हातवारे केले, छाती पिटली. पंडित दाढी खाजवत शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "नाना, काय ते लिखी द्या ना. मी फुरसतमा वाचसू."

गल्लीतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. पितांबर घरात आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी जेवला नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत गावात रिक्षा फिरली. सुगनचंद सेठच्या मातोश्री कै. जतनबाई यांच्या प्रथम पुण्यतिथीनिमित्त गरीब व वृद्धांसाठी मोफत कवळी शिबिर, नाव नोंदवा, अमुक तारखेला धर्मशाळेत माप घेतलं जाईल. भोंगा पितांबरच्या दारासमोर जरा जास्तच वेळ थांबल्यासारखा त्याला वाटला.

"मरी गऊ तरी जानार नही," तो म्हणाला. बेबाबाईला त्याचं बिनदाताचं बोलणं सगळं कळायचं.

"नका जाऊ," ती म्हणाली. "पंडितले लिखी द्या."

तो गेला.

धर्मशाळेच्या ओसरीवर सेठचा मुनीम रुपचंद यादी करत बसला होता आणि शेजारी खुर्चीवर सेठ स्वतः. आता तोही साठीला आलेला, केस पांढरे, अंगात लोकरी जाकीट. रांग सरकली. पितांबर पुढे आला तसा सेठने चष्मा वर केला. पस्तीस-चाळीस म्हातारी माणसं मागे उभी होती. जळगावहून आलेले दोन डॉक्टर आतल्या खोलीत होते, तोंडं तपासायची ती आत. पण सेठ तिथेच म्हणाला, "नाना, उघडा तोंड. बघू द्या आत काय आहे."

पितांबरने ओठ घट्ट मिटले.

"नाक्यावर उघडून दाखवावंच लागतं, नाना. नियम आहे."

फक्त दोघांनाच कळलं. मागे एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अरे उघड ना भो, आम्ही उभा शेतस." पितांबरने तोंड उघडलं. सेठने वाकून, मान तिरकी करून, अगदी सावकाश पाहिलं, जसं काही एकेक पोलकं उलगडून बघतो आहे. मग म्हणाला, "रुपचंद, लिहा. माल काही नाही. रिकामं आहे." रुपचंदने लिहिलं आणि पितांबर आत जाऊन मापाचा गुलाबी लगदा तोंडात धरून बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लगद्याने येतं असं डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी कवळ्या तयार झाल्या, पण वाटल्या गेल्या त्या फक्त वरच्या. खालची कवळी पुण्यतिथीच्या कार्यक्रमात, व्यासपीठावरून मिळेल, असं रुपचंदने सांगितलं. गेल्या वर्षी एका दुसऱ्या व्यापाऱ्याने चष्मे वाटले होते. लोकांनी चष्मे घेतले, आणि सत्काराच्या दिवशी पाहुणे रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषणं करत बसले. सुगनचंद सेठ त्यातून शहाणा झाला होता. डॉक्टर त्याला म्हणाले होते की नुसत्या वरच्या कवळीचा काही उपयोग नाही, उलट हिरडीला जाच होईल. तर सेठ म्हणाला, "मग तर सगळे येतीलच."

पुढचे चाळीस दिवस पारोळ्यात त्रेचाळीस म्हातारी माणसं वरच्या दातांनिशी हिंडत होती. हसली की बरी दिसायची. खायला बसली की कवळी काढून फडक्यात बांधून ठेवायची. पितांबरची तर बसायचीही नाही नीट. साधं बोलला तर राहायची, पण जरा आवाज चढवला की टाळूवरून सुटून जिभेवर यायची. म्हणजे ज्या कामासाठी हवी तेवढ्याच कामाला ती नालायक. तो रोज सकाळी ती चूळ भरून लावायचा आणि सुगनचंदच्या सात पिढ्या मनातल्या मनात मोजायचा. दिवस मात्र तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून मोजत होता. पूर्ण दात आले की पहिल्यांदा रेशनवाला, मग पंडित, आणि सगळ्यांत शेवटी, अगदी निवांत वेळ काढून, सुगनचंद.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी रुपचंद घरी आला. "नाना, सगळ्यांच्या वतीने आभाराचे दोन शब्द तुम्ही बोलायचे. सेठ म्हणाले, आईची आठवण नानांना चांगली असेल."

"आनि नही बोलनू तर?"

रुपचंदला ते समजलं नाही. बेबाबाईने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तसं काही सेठ बोलले नाहीत. पण खालच्या कवळ्या त्यांच्याच हातून मिळणार आहेत."

ती रात्र पितांबरने कुशीवर कुशी बदलण्यात काढली, आणि सकाळी उठला तो ठरवूनच. बोलायचं म्हणतो ना, मग बोलू. लाउडस्पीकर त्याचा, मांडव त्याचा, माणसं त्याने गोळा केलेली. इतकी चांगली सोय एकोणतीस वर्षांच्या नोकरीत कधी झाली नव्हती. त्याने इस्त्रीचं धोतर नेसलं. बेबाबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "कवळी ली येजा. बाकी काय करनं ते करा."

धर्मशाळेचं अंगण गच्च भरलं होतं. टेबलावर जतनबाईचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि फोटोपुढे त्रेचाळीस पुठ्ठ्याच्या डब्या नावं घालून मांडलेल्या. पाहुण्यांची भाषणं झाली. मग पितांबरचं नाव पुकारलं. तो पायऱ्या चढला, माईक पकडला, आणि नाक्यावरच्या जुन्या आवाजात पहिला शब्द काढला, "सुगनचंद!"

कवळी सुटली. टेबलावर आपटून ती गिरक्या घेत जतनबाईच्या फोटोला जाऊन टेकली.

मांडवात हशा पिकला. पितांबरने कवळीकडे पाहिलं. उचलायला हात पुढे गेला आणि मागे आला. मग तो तसाच, बोळक्या तोंडाने, माईकला ओठ लावून बोलू लागला.

"तुन्हं दान माले नको व्हतं. पेन्शनमा दात येतस नही म्हनीसन तुन्हा दारमा ऊनू. तू माले चार लोकसमा तोंड उघडाले लावं. वरला दात दीसन मानसं बांधी ठेवात, जसा खुंटाले बैल. तू काय धरमकरम करशी? तुन्हा पोटमा इख शे इख!"

भोंग्यातून नुसता फसफस, भसभस असा आवाज येत होता. समोर पाचशे माणसं माना हलवत होती. म्हातारा गहिवरला, असं पुढच्या ओळीतल्या पाहुण्याने शेजाऱ्याला सांगितलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पितांबरने ते पाहिलं. एक अक्षरही कुणाच्या कानात शिरत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग सोळा वर्षं घशात अडकलेलं तेही बाहेर पडलं. न कळणाऱ्यांपुढे बोलायला काय जातंय!

"तुन्ही माय चांगली व्हती. तो खलबत्ता जुना व्हता. माले तठेच दिसनं व्हतं. मी खोटी पावती फाडी. पन तुन्हा पुढे हाई मी कव्हयच कबूल करनार नही. मरी गऊ तरी नही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्टीसुद्धा वाजली. पितांबरला फार दिवसांनी मोकळं मोकळं वाटलं.

सुगनचंद सेठ खुर्चीवरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने फोटोपुढची कवळी उचलली, खिशातल्या रुमालाने पुसली, डब्यांतून पितांबरच्या नावाची डबी काढली आणि दोन्ही घेऊन जवळ आला. माईकवर हात ठेवला. आणि आजवर त्याच्याशी शहरी मराठीतच बोललेला सेठ गावच्या बोलीत म्हणाला, "मन्ही माय मरेपर्यंत अशीच बोले, नाना. माले बठ्ठं समजनं."

म्हणजे सेठला सगळंच कळलं होतं; पितांबरने माईक सोडला.

"खलबत्तानं बी समजनं," सेठ म्हणाला. त्याने दोन्ही कवळ्या पितांबरच्या ओंजळीत ठेवल्या. "आते हाई लावा. आनि बठ्ठासले समजी असं परत सांगा."

माईकवरचा हात त्याने काढला आणि बाजूला उभा राहिला.

पितांबरने दोन्ही कवळ्या लावल्या. खालची चपखल बसली, तिच्या आधाराने वरचीही बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड भरलं. मांडव शांत झाला. खणखणीत आवाज, शाबूत दात, पाचशे माणसं आणि शत्रू हाताच्या अंतरावर. रात्रभर ठरवलेलं सगळं आठवत होतं, पण आता जे म्हटलं असतं ते कळलं असतं. आपण शिवी काढली तर सेठ जपून ठेवलेली ती पावती काढणार, हे स्पष्ट दिसत होतं.

"मी सेठचा आभारी आहे," तो म्हणाला. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू गेला.

घरी येताना बेबाबाई त्याच्याशी बोलली नाही. ती बायकांच्या ओळीत बसली होती आणि तिलाही सगळं कळलं होतं.

दात पुढे टिकले, ते मात्र खरं. रेशनवाला मापात यायला लागला. पंडितने दोन दिवसांत मोरी वळवून घेतली. पितांबर पुन्हा पहिल्यासारखा भांडू लागला आणि गल्ली पुन्हा त्याला कंटाळली. फक्त सुगनचंदच्या दुकानावरून जाताना तो वेगळाच वागायचा. दुकान चार पावलांवर आलं की दोन्ही कवळ्या काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचा, पायरीशी उभा राहायचा आणि बोळक्या तोंडाने सेठला पाच-सहा वाक्यं सुनवायचा. तुझ्या दातांनी तुला शिव्या देणार नाही, एवढा त्याचा बाणा. सेठ गादीवरून मान वर न करता म्हणायचा, "समजनं, नाना." रुपचंद विचारायचा, नाना काय म्हणाला? सेठ म्हणायचा, कापडाचा भाव विचारत होता. अशी सात वर्षं गेली.

मग बेबाबाईचे दात गेले. तेव्हा कुणाचं शिबिर नव्हतं आणि भाव तर चौदाशेवरून कुठच्या कुठे गेला होता. पितांबर आता रोज तिच्यासाठी शेंगदाणे आणि सुपारी कुटायचा. बाजारातून त्याने मुठीएवढा पितळी खलबत्ता आणला होता. सकाळ-संध्याकाळ कुटून दोन वर्षांत त्याचा तळ झिजू लागला, आत डाग बसला. एके दिवशी तो धुताना पितांबर बराच वेळ हातात उलटा धरून बसला.

त्याच दिवशी तो पेठेत गेला. कवळ्या खिशात टाकल्या आणि दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. पण आज शिव्या आल्या नाहीत. "सेठ," तो म्हणाला, "त्या दिवशी नाक्यावर मन्ही चुकी व्हयनी. म्हातारीना फोटोले सांगजो, माले माफ कर."

सुगनचंद सेठने कधी नव्हे ती मान वर केली. त्याच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं, हे पितांबरला दिसलं.

"समजनं नही, नाना," सेठ म्हणाला. "दात लाईसन सांगा."

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. रुपचंद होता. पितांबरचा हात खिशात गेला. दोन्ही कवळ्या बोटांना लागल्या. त्याने हात रिकामाच बाहेर काढला. मग वळला आणि घराकडे चालू लागला. बेबाबाईची सुपारी कुटायची राहिली होती.